तुळईच्या खाली

फौज आली त्या दिवशी अण्णांनी गोदामात जाळी बांधली. शाळा भरली नाही. रहीम मास्तरांच्या दाराला कुलूप होतं.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा वारले. तेव्हापासून हे लिहायला बसतो आहे आणि दर वेळी त्या जाळीपाशी येऊन थांबतो. जाळी का बांधली हे कळायचं तर आधी अण्णा कळायला हवेत, आणि अण्णा आमच्या गावाला कधी कळले नाहीत. मला कळले असंही मी म्हणत नाही. मी फक्त त्यांच्यासमोर उभा राहून खेळलो आहे.

ते कापसाचे व्यापारी. घरात कानडी, दुकानात मराठी, कचेरीत उर्दू. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, पायांत करकरणाऱ्या वहाणा. तरुणपणी शिकायला म्हणून हैदराबादला गेले आणि तिथून पदवीऐवजी बॅडमिंटन घेऊन परत आले. बाजारामागं त्यांचं गोदाम होतं. हंगामातल्या गासड्या निघून गेल्या की ते रिकामं पडायचं, आणि दारं लावली की आत वारा शिरत नसे. अण्णांनी तिथल्या फरशीवर चुन्याच्या रेघा ओढल्या. गिऱ्हाईक आलं तर मुनीम सांगायचा, "मालक रेघांत हायत, थांबा."

मी शाळेत मराठी शिकवायचो, रहीम मास्तर उर्दू. रहीम उंच, हसरा, बोलका. मी त्याच्या उलट. अण्णांनी खेळायला त्याला उंचीसाठी निवडलं. मला का निवडलं हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "तुम्ही ओरडत न्हाय. ओरडणारा माणूस फूल तोडतो." आम्ही तिघंही त्या पिसांच्या चेंडूला फूलच म्हणायचो.

चौथा माणूस कधी मिळाला नाही. म्हणून अण्णा जाळीच्या पलीकडं एकटे उभे राहायचे, दोन्ही हातांत दोन रॅकेटी घेऊन. "ह्यो हात बार्शी, ह्यो हात सोलापूर," म्हणायचे, "या आता." पहिल्या दिवशी आम्हाला हसू आवरेना. पुढं कळलं की त्यांचा डावा हात उजव्यापेक्षा वाईट होता तरी कपटी जास्त होता. दम लागला की ते "साकु" म्हणायचे. कानडीत पुरे. साकु म्हटल्यावर फूल हवेत असलं तरी खेळ थांबायचा.

आम्ही निझामाच्या मुलखात, बार्शी आणि सोलापूर इंग्रजांच्या; अण्णांच्या मनातली ती शत्रुराष्ट्रं होती. त्यांचा हिशोब सरळ होता. एका संध्याकाळी त्यांनी तो आम्हाला समजावून सांगितला.

"आपलं नाणं येगळं का न्हाय?"

"वेगळं."

"टपालाचं तिकीट येगळं. नाक्यावर झडती होती. येडशीला गाडीत बसलं आन बार्शीला उतरलं की राज्य दुसरं. मग परदेश झाला का न्हाय?"

"झाला."

"मग परदेशात जाऊन खेळणारी टीम कुणाची म्हणायची?"

रहीमनं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "अण्णा, आपण दोघंच आहोत."

"मुलूख ल्हान आसला की टीम ल्हानच आसती."

अशा रीतीनं आम्ही दोघं एका देशाचा राष्ट्रीय संघ झालो. हैदराबादला याची कोणाला खबर नव्हती. आमच्या धाराशिवातही फारशी नव्हती.

फुलं बाहेरून मागवणं अवघड होतं, म्हणून अण्णा ती स्वतः करायचे. आमच्या गावात याची जितकी चर्चा झाली तितकी दुसऱ्या कशाची झाली नसेल. लिंगायताच्या घरचा माणूस पाखराच्या पिसाला हात लावतो. अण्णांनी त्यावर स्वतःपुरता नियम केला होता. पडलेलं पीस चालेल, उपटलेलं नाही. आणि पिसांचं काम झालं की आंघोळ केल्याशिवाय पूजेला बसायचं नाही. थंडीत ते दिवसातून तीनदा आंघोळ करायचे आणि शिंकत खेळायचे.

पिसं यायची रहीमच्या घरून. त्याच्या अम्मींनी परसात बदकं पाळली होती. एका फुलाला सगळी पिसं एकाच बाजूच्या पंखाची लागतात, नाहीतर ते सरळ उडत नाही. अम्मींनी हे एकदा ऐकलं आणि त्या डावी-उजवी पिसं दोन वेगळ्या टोपल्यांत ठेवू लागल्या. अण्णा दर शुक्रवारी दारात उभे राहायचे. घरात पाऊल टाकत नसत, पाणी घेत नसत, पण उंबऱ्याबाहेर तासभर बोलत राहत.

"सेठ," अम्मी आतून म्हणायच्या, "बतखां कू बोलूं क्या, जल्दी पर गिराओ बोलके?"

"नको अम्मा. त्यांच्या मर्जीनं पडू द्या."

"दुनिया में किसकी मर्जी चलती, बतख की चलेगी?"

आमच्या हवेत पिसं वाळून तडकतात. म्हणून खेळायच्या आदल्या दिवशी अण्णा फुलांच्या डब्याभोवती ओलं फडकं गुंडाळायचे आणि तासातासानं बोटानं चाचपून बघायचे. आजाऱ्याचं अंग बघावं तसं.

आता तुळयांचं सांगतो. गोदाम जुनं, छप्पर बुटकं. हात वर केला की रॅकेटचं टोक तुळईला लागायचं. फूल तिथं आपटलं की कुठंही उडायचं, म्हणून अण्णांनी कायदा केला. वर गेलेलं मेलं. ज्यानं मारलं त्याचा गुण गेला. वर्षानुवर्षं आम्ही त्या कायद्यात खेळलो. फूल जाळीला घासून, सपाट, जोरात मारायचं, एवढंच आम्हाला येत होतं. ते आम्हाला इतकं चांगलं येत होतं की आपल्याला काही येत नाही हे कधी लक्षातच आलं नाही.

सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर बार्शीचा सामना ठरला. तिथं अण्णांची आडत होती, ओळखी होत्या. वकील-व्यापाऱ्यांचा एक क्लब नाटकगृहात बॅडमिंटन खेळायचा. पण ते दिवस सामन्याचे नव्हते. इंग्रज गेले होते, निझाम राहिला होता. सरहद्दीवरच्या खेड्यांतून माणसं रझाकारांच्या भीतीनं रातोरात पलीकडं जात होती. अण्णांच्या मेहुण्यांनी बार्शीत त्यांच्यासाठी जागा बघून ठेवली होती, आणि अण्णा त्यांना कळवत होते की येतो, पण खेळायला येतो.

भीती रहीमसाठी होती. पलीकडं गेल्यावर त्याचं नाव कोणी विचारलं तर? परतताना माझं कोणी विचारलं तर? अण्णा शुक्रवार नसताना अम्मींच्या दारात गेले. मी बरोबर होतो.

"दोघं नेतो, दोघं आणतो," अण्णा म्हणाले.

"सेठ, मेरेकू एकच है."

"म्हणून तर आणतो."

येडशीच्या स्टेशनावर झडती झाली. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं फुलांचा डबा उघडायला लावला. ओलं फडकं, आत पिसं. त्यानं फूल उलटंपालटं केलं. "ये क्या जादूटोना है?" अण्णा म्हणाले, "खेल है, साहब." "किसका खेल?" "मुल्क का." तो अण्णांकडं बघतच राहिला आणि त्यानं डबा बंद केला.

नाटकगृहाच्या आवारात सरहद्द ओलांडून आलेली माणसं उतरली होती. चुली पेटलेल्या, पोरं धुळीत. आम्ही आत जाताना एक बाई चुलीपासून न उठता म्हणाली, "आमी घरंदारं सोडून हितं, आन हे निजामाच्या मुलखातले खेळाया आल्यात." मग माणसं गोळा झाली. कोणीतरी विचारलं, "ह्यातला त्यो कोण हाय?" अण्णा मध्ये थांबले. म्हणाले, "दोघं माझे हायत. धाराशिवचे. खेळून जातो." आवाज चढवला नाही. वाट मिळाली, पण पाठीत बघणारे डोळे आतपर्यंत आले.

आत गेलो तर छप्पर दिसेना इतकं उंच. यजमान सभ्य होते, पांढऱ्या विजारीतले. डाव सुरू झाला आणि पहिलंच फूल त्यांनी सरळ आभाळात घातलं. आम्ही दोघं थांबलो. रॅकेटी खाली केल्या. फूल सावकाश खाली आलं आणि माझ्या मागं रेघेच्या आत पडलं. पंचांनी गुण त्यांना दिला. पुढचंही तसंच. डोक्यात कळत होतं की इथं तुळई नाही, पण फूल वर गेलं की मान उठायची नाही, हात आपोआप खाली यायचा. बघायला आलेली ती घर सोडलेली माणसं आधी गप्प होती. मग हसायला लागली. शेवटी इतकी हसली की त्या चुलीपाशीच्या बाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटतं, आम्ही धडधाकट घरी परतलो ते आमच्या हरण्यामुळं. असं खुळ्यासारखं हरणाऱ्यांवर कोण हात उचलणार?

रहीम गाडीत म्हणाला, "अण्णा, फूल आसमान में था और हम जमीन पे मातम कर रहे थे." अण्णा हसले नाहीत. येडशीला उतरल्यावर म्हणाले, "चूक छपराची हाय." आणि अम्मींच्या दारात, "दोघं आणले."

परतीचा सामना धाराशिवला व्हायचा होता, पुढच्या दिवाळीनंतर. त्यासाठी अण्णांनी गोदामाचं छप्पर उचलायला काढलं. लोक घरातलं किडूकमिडूक पुरून ठेवत होते, दाराला आतून अडसर लावून झोपत होते, आणि हा माणूस भर बाजारात भिंती वाढवत होता. गवंडी विचारायचा, "अण्णा, ह्या दिसांत?" अण्णा म्हणायचे, "दिवाळीला बार्शीवाले येणार. दिस थांबतेत व्हय?" एक अंमलदार येऊन गेला. त्याला वाटलं आत काहीतरी लपवायची सोय होते आहे. अण्णांनी त्याला फूल कसं वर जातं ते हातवारे करून समजावलं. तो शिपायाला म्हणाला, "दीवाना है," आणि निघून गेला. पावसाळ्यात नवे पत्रे चढले. जुन्या तुळया मात्र तशाच होत्या. भिंती पुऱ्या बसल्यावर काढू, असं गवंडी म्हणाला होता. तोवर त्यानं त्यांच्यावर फळ्या टाकून कामाची जागा केली होती. खालून बघितलं तर अंधारात नुसती जुनी तुळई दिसायची. शिडी भिंतीला टेकलेली असायची.

मग सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली. सकाळी बाजारात झेंडे लागले, आणि दुपार होईतो बाहेरगावची माणसं काठ्या घेऊन गल्ल्यांतून फिरू लागली. वर्षभर ज्यांना भीती वाटत होती त्यांनी दारं उघडली, आणि दुसऱ्यांनी लावली. मी घरात बसून होतो. अण्णांचा मुनीम मागच्या दारानं आला.

"अण्णांनी बोलिवलंय. रॅकेट घेऊन या म्हणले."

"आज?"

"आजच म्हणले."

गोदामात अण्णा जाळी बांधत होते. मी काही विचारायच्या आत त्यांनी एकदा, फक्त डोळ्यांनी, वर बघितलं. मग माझ्याकडं. पहाटेच ते अम्मींच्या दारात गेले होते आणि पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत गेले होते, हे मला पुढं कळलं.

"आता वर बघायचं न्हाय," ते हळू म्हणाले. "बार्शीला शिकलात ते आजच्या दिवस विसरा. फूल तुळईच्या खाली ठेवा."

त्यांनी शिडी काढली आणि रेघेबाहेर जमिनीवर आडवी ठेवली. दोन्ही हातांत रॅकेटी घेतल्या. आम्ही खेळायला लागलो.

काठ्या घेतलेली माणसं आली तेव्हा दार उघडंच होतं. पुढं आमच्याच गल्लीतला एकजण होता, मागं अनोळखी.

"राम राम अण्णा."

"राम राम. बसा शिडीवर, डाव चालू हाय."

"बसाया न्हाय आलो. तो उर्दूचा मास्तर हितं खेळाया यायचा न्हाय का?"

"यायचा की."

"आज कुठाय?"

"त्याच्या घराला कुलूप हाय म्हणत्यात." अण्णांनी फूल मारलं. मी परतवलं.

त्यांनी कोपऱ्यात उरलेल्या चार गासड्यांमागं बघितलं, मुनिमाच्या खोलीत बघितलं, सरकीच्या ढिगात काठ्या खुपसल्या. आम्ही थांबलो नाही. थांबलो असतो तर त्यांना शांतता ऐकू आली असती. फूल जाळीला घासून जात होतं, येत होतं. हळूहळू ते परत आले आणि एकेक करून शिडीवर बसले. माणसासमोर काही इकडून तिकडं जात असलं की तो बघत राहतो. त्यांच्या माना फुलाबरोबर हलत होत्या, डावीकडं, उजवीकडं.

"दोन हातांनी खेळतंय की."

"येडंच हाय म्हातारं. आधीपास्नं."

कोणीतरी हसलं. अण्णांच्या डाव्या हातानं एक कपटी फूल टाकलं, नेहमीच्या सवयीनं. मी पुढं झेपावलो, रॅकेट खालून लागली, आणि फूल वर गेलं.

ते खाली आलं नाही.

शिडीवरच्या माना वर वळायला लागल्या. मला अजून तो क्षण दिसतो. माझी मान वर गेली नाही. बुटक्या छपराखालची इतक्या वर्षांची सवय तेवढी कामी आली.

"वर आडकलं," गल्लीतला माणूस म्हणाला आणि शिडीवरून उठला. "थांबा, शिडी लावतो. काढून देतो."

"ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. ते खाली वाकून डब्यातलं दुसरं फूल निवडत होते, फडकं उलगडत, बोटानं चाचपत. "वर गेलेलं मेलं. आमचा कायदा हाय. मास्तर, तुमचा गुण गेला. ध्यान कुठाय तुमचं?"

ते इतक्या कंटाळलेल्या आवाजात म्हणाले की तो माणूस हसला. "हरले की मास्तर," तो मला म्हणाला. मी मान हलवली. अण्णांनी नवं फूल मारलं, सपाट. ती माणसं आणखी थोडा वेळ बसली. मग एकजण म्हणाला, "चला रं, हितं येड्यांचा बाजार हाय," आणि सगळे काठ्या उचलून निघून गेले.

ते गेल्यावरही अण्णा थांबले नाहीत. पत्र्याच्या फटीतलं ऊन फरशीवरून भिंतीवर चढेपर्यंत आम्ही खेळत होतो. त्यांना धाप लागली होती. मी दोनदा म्हणालो, "अण्णा, साकु." त्यांनी ऐकलं नाही. मुनीम बाजाराची फेरी मारून आला, त्यानं ती माणसं गेल्याची खूण केली, तेव्हा अण्णा जाळीला धरून खाली बसले.

शिडी लावली. आधी अम्मी उतरल्या, एकेका पायरीवर थांबत. मागून रहीम. त्याच्या हातात फूल होतं.

"अण्णा," तो म्हणाला, "ये जिंदा था. मैं पकड्या."

अण्णांनी ते घेतलं आणि डब्यात ठेवायला गेले. ते काही केल्या डब्यात जाईना. शेवटी अम्मींनी डबा धरला.

काही दिवस ती दोघं त्या फळ्यांवरच राहिली. मग रस्ते थोडे निवळल्यावर अण्णांनी त्यांना कापसाच्या लॉरीतून सोलापूरच्या स्टेशनावर पोहोचवलं. अम्मींचे भाऊ हैदराबादला होते. मी लॉरीपाशी उभा होतो. अण्णा पुढं बसले, मागं वळून म्हणाले, "दोघं नेतो," आणि पुढचं बोलले नाहीत. अम्मी म्हणाल्या, "सेठ, बतखां भुक्के रहिंगे."

तिसऱ्या दिवशी ते एकटे परत आले. दुकानात न जाता थेट रहीमच्या घरी गेले, कुलूप काढलं आणि बदकं आपल्या परसात आणली.

लिंगायताच्या दारात बदकं. गावानं जे म्हणायचं ते म्हटलं. घरी आलेल्या स्वामींनी हटकलं तेव्हा अण्णा म्हणाले, "खायला न्हाय ठेवली. सांभाळाया दिल्यात." बायकोनं बदकांच्या पाण्यासाठी एक घमेलं दिलं आणि विषय संपला. रहीमचा निरोप एकदा आला, की अम्मी वारल्या आणि तो तिकडंच शाळेत लागला. त्यानंतर काही आलं नाही. अण्णांनी माग काढायचा बराच प्रयत्न केला. निरोप पाठवायचे त्यात खुशाली नसायची, फक्त बदकं किती झाली ते असायचं.

परतीचा सामना झाला नाही. ती दिवाळी आली तेव्हा नाका उठला होता. बार्शीचं आणि आमचं नाणं एक होत चाललं होतं, गाडीत झडती नव्हती. बार्शीवाल्यांनी विचारणा केली होती. अण्णा म्हणाले, "आता टीम कुणाची म्हणून खेळायची? मुलूख गेला. आन एक हात कमी हाय." छप्पर उंच झालं होतं, पण त्यांनी तुळया काढू दिल्या नाहीत. गवंडी दोनदा विचारून गेला. गोदामात आता बाराही महिने गासड्या राहू लागल्या.

शेवटच्या आजारात मी रोज जाऊन बसायचो. त्यांना वाचून दाखवायचो, ते ऐकायचे की नाही कळायचं नाही. एका दुपारी मध्येच म्हणाले, "मास्तर, ते फूल तुम्ही मुद्दाम वर न्हाय मारलं न्हवं?"

"नाही अण्णा."

"मला वाटायचं, वर निरोप धाडला तुम्ही." मग डोळे मिटून म्हणाले, "दोघं आणतो म्हणलं होतं मी."

अण्णांच्या परसात अजून बदकं आहेत. त्यांची पिसं पडतात. मी डावी आणि उजवी वेगळी ठेवतो.